पत्र लिहिणाऱ्यास विचारणे की

भिवराला लिहिता-वाचता येतं ही गोष्ट तिच्या सासरी कुणालाच माहीत नव्हती. माहीत होऊ नये म्हणूनच तिच्या मामानं सोयरीक जुळवताना साफ सांगून टाकलं होतं, "पोरगी शाळेच्या वाटेला गेलीच न्हाई." खरं तर ती तलवाड्याच्या शाळेत पाचवी पास झाली होती आणि तिचं अक्षर इतकं चांगलं होतं की फळ्यावरचा सुविचार मास्तर तिच्याकडूनच लिहून घ्यायचे. पण बोरखिंडीच्या चंद्रभागाबाईंची अट मामाच्या कानावर आली होती. धाकट्या लेकाला पोरगी सावळी चालेल, गरिबाची चालेल, पण लिहिणारी चालणार नाही, असं त्या चारचौघांत बोलल्या होत्या.

त्याला कारण होतं. थोरला लेक धर्मराज, त्याची बायको गीताबाई सातवी शिकलेली. ती दर आठवड्याला माहेरी कार्ड टाकायची. सासू काय बोलली, पाण्याच्या खेपा कुणी केल्या, सणाला कुणाच्या ताटात काय वाढलं, सगळं त्या कार्डांतून तिकडं पोचायचं. मग तिचा बाप तणतणत यायचा, ओसरीवर आवाज चढायचे. शेवटी एका दिवाळीला धर्मराज बायकोला पोचवायला म्हणून पाटोद्याकडं सासुरवाडीला गेला तो तिकडंच राहिला. चंद्रभागाबाईंनी दोष लेकाला दिला नाही, सुनेलाही फारसा दिला नाही. त्यांनी दोष दिला तो पत्रांना. "कागदानं माझं घर फोडलं," असं म्हणायच्या आणि त्यावर कुणी काही बोललं तर उठून जायच्या.

बहात्तरच्या उन्हाळ्यात भिवराचं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी तिच्या आईनं कानात सांगितलं, "फार बोलू नगंस. बोलता बोलता एखादं अक्षर बाहेर पडंल." ते भिवरानं इतकं मनावर घेतलं की सासरी तिची भाषा 'जी' आणि 'व्हय' एवढ्यावर आली. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती पटकन चुलीत टाकायची, कारण छापलेलं दिसलं की डोळे आपोआप त्यावरून धावायला लागायचे. चंद्रभागाबाईही काही बोलक्या वाटल्या नाहीत. काम सांगायच्या तेही हातानं दाखवून. पहिल्या दिवशी मात्र त्यांनी भिवराच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला होता आणि तो खाईपर्यंत समोर उभ्या राहिल्या होत्या. पुढं चार महिने सासू-सुना एका चुलीपाशी बसून दोन मुक्या बाहुल्यांसारख्या जेवल्या.

त्या साली पाऊस आलाच नाही. बाजरी वीतभर होऊन करपली, विहिरींचे तळ दिसायला लागले. दसरा झाला तसा मुकादम आप्पारावनं ऊसतोडीची टोळी जमवली आणि बोरखिंडीच्या बैलगाड्या प्रवरेच्या काठच्या एका सहकारी साखर कारखान्याकडं निघाल्या. गाडीत उत्तरेश्वर आणि भिवरा. घरी चंद्रभागाबाई आणि त्यांची कपिली गाय.

टोळीनं कारखान्यापासून थोड्या अंतरावर तळ टाकला, पाचटाच्या कोप्या उभ्या केल्या आणि तोडणी सुरू झाली. टोळीतल्या बायका-माणसांत एकालाही वाचता येत नव्हतं. मुकादम फक्त सही करायचा. आधीच्या साली कारखान्याचा एक स्लिपबॉय, म्हणजे उसाच्या पावत्या फाडणारा पोरगा, सगळ्यांची पत्रं लिहून द्यायचा, पण त्याची बदली झाली होती.

एका दुपारी टोळीतल्या छबुबाईच्या हातात कार्ड पडलं आणि तिनं फडातच हंबरडा फोडला. कार्डाचा एक कोपरा फाटलेला होता. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणी तरी गेल्याची खबर, एवढं न वाचणाऱ्यालाही कळत होतं. छबुबाईची दोन लेकरं गावी आजीपाशी ठेवलेली. ती सरीत बसून कपाळ बडवायला लागली, बायका भोवती जमल्या, कुणी पाणी आणायला पळालं. कार्ड पालथं पडलं होतं आणि त्याच्याकडं बघायचा कुणाला धीर होत नव्हता.

भिवरा डोक्यावर मोळी घेऊन चालली होती. तिनं मोळी टाकली आणि कार्ड उचललं.

"थांबा बाई, रडू नका! कुणी न्हाई गेलं." ती भराभर वाचत म्हणाली, "पोरं खुशाल हायेत. धाकट्याला खोकला झालता, आता बरा हाय. तुमची शेळी व्याली, दोन पाठी झाल्यात. कोपरा असाच फाटलाय कुठंतरी."

छबुबाईनं डोळे पुसले. "दोन्ही पाठीच?"

"दोन्ही."

"बोकड न्हाई एकबी?"

मग हसू फुटलं आणि हसता हसता सगळ्यांच्या ध्यानात आलं की आत्ता नेमकं काय झालं. जो तो भिवराकडं बघायला लागला. उत्तरेश्वर तर कोयता हातात धरून तसाच उभा होता.

"तुला वाचाया येतं?"

भिवरानं मान खाली घातली. आप्पाराव मुकादम मात्र कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "ह्या उत्तऱ्याच्या घरात मास्तरीण हाय, अन् आमी कारखान्यावर लोकांच्या मिनत्या करत फिरायलोत बे!"

संध्याकाळी कोपीत उत्तरेश्वर बराच वेळ बिडी न पेटवता नुसती बोटांत फिरवत बसला. रागावला असेल असं भिवराला वाटलं. शेवटी तो म्हणाला, "माझं नाव लिव बरं."

तिनं चुलीपुढची राख सपाट केली आणि बोटानं 'उत्तरेश्वर' लिहिलं. तो वाकून बघत राहिला.

"एवढं मोठं हाय व्हय माझं नाव!" मग हळू आवाजात, "आईला कळलं तर काय गं?"

"न्हाई कळू द्यायचं," भिवरा म्हणाली.

सगळ्या टोळीनं तसंच ठरवलं. छबुबाई म्हणाली, म्हातारीला कळलं तर ती बोरखिंडीहून फडापर्यंत पायी येईल. पत्रावर लिहिणाऱ्याचं नाव घालायचं नाही, नुसतं 'पत्रलेखकाचा नमस्कार' एवढंच घालायचं.

कारखान्याची मशिनं धुवायला बंद झाली की टोळीला सुट्टी मिळायची. त्या दिवशी अंघोळी, कपडे आणि पत्रं. भिवरा गाडीखाली सावलीत बसायची, पत्र्याचा डबा उपडा करून त्यावर कार्ड ठेवायची, आणि एकेक जण येऊन सांगायचा. छबुबाई लेकरांसाठी सांगता सांगता रडायची आणि मध्येच शेळीला चारा घाला म्हणायची. एका माणसानं बायकोला काय लिहायचं ते सांगायला तोंड उघडलं आणि लाजून निघून गेला. त्याच्या कार्डावर भिवरानं आपल्या मनानं लिहिलं, 'तुमची फार आठवण येते असे त्यांना सांगायचे होते, पण बोलता आले नाही.'

उत्तरेश्वरची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "लिव, मी बरा हाय. तू बरी अस." आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

कार्ड जवळजवळ कोरंच होतं. भिवराला ते तसंच टाकावंसं वाटेना. सासूला सांगण्यासारखं किती तरी साठलं होतं आणि आता सांगायला तोंड लागत नव्हतं, हात पुरत होता. तिनं लिहिलं की इथं नदीला पाणी आहे, पण ते पाहिलं की गावाकडची विहीर आठवते. कारखान्याच्या बाजूनं वारा आला की मळीचा असा वास येतो की पहिले दोन दिवस कुणाला भाकरी गेली नाही, आता तो वास आला नाही तर चुकल्यासारखं होतं. तुमच्या मुलाची दाढ दुखत होती, त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण गाल सुजल्यावर लपवणार कसा. तुमचा ढवळ्या बैल शेजारच्या टोळीच्या गाडीतला चारा चोरून खातो आणि पकडला की आपण त्यातले नाहीच असं तोंड करतो. शेवटी जागा उरली नाही म्हणून 'पत्रलेखकाचा नमस्कार' उभ्या कडेनं लिहावं लागलं.

उत्तर आलं ते मोहनरावांच्या हातचं. मोहनराव म्हणजे बोरखिंडीच्या विविध कार्यकारी सोसायटीचे सेक्रेटरी. गावात आलेली पत्रं तेच वाचायचे आणि जाणारी पत्रं तेच लिहायचे. सोसायटीची इतिवृत्तं लिहून लिहून त्यांना ठरावाच्या भाषेशिवाय दुसरी भाषा येईनाशी झाली होती.

'आपले पत्र सोसायटीच्या ओट्यावर मोठ्याने वाचण्यात आले,' भिवरा तळावर वाचून दाखवत होती. 'ढवळ्या बैलाविषयीच्या मजकुरास उपस्थितांनी दाद दिली. दुसऱ्यांदा वाचण्याची मागणी आल्याने पुन्हा वाचण्यात आले. चंद्रभागाबाई कडा गावच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला खडी फोडण्यास जातात. कामावर खायला सुकडी मिळते. गाय कड्याच्या छावणीत ठेवली आहे. चि. उत्तरेश्वर याने दाढेत लवंग धरावी.' खाली बारीक अक्षरांत मोहनरावांनी स्वतःची भर घातली होती: 'पत्रलेखक महोदयांस सादर नमस्कार. आपले वळणदार अक्षर पाहता आपण जुने सेवानिवृत्त शिक्षक असावेत असा अंदाज आहे. कृपया गाव कळवावे.'

टोळी पोट धरधरून हसली. त्या दिवसापासून आप्पाराव भिवराला 'महोदय' म्हणायला लागला.

थंडीभर पत्रं येत-जात राहिली. भिवरा लिहायची आणि तिकडं ओट्यावर म्हातारी माणसं वाट बघत बसायची. चंद्रभागाबाईंची पत्रं लांबत चालली. संक्रांतीला त्यांनी कारखान्याकडं येणाऱ्या एका ट्रकवाल्यापाशी तिळगुळाची पुरचुंडी पाठवली आणि त्यातले दोन लाडू 'लिहिणाऱ्या गुरुजींसाठी' म्हणून वेगळ्या फडक्यात बांधले. उत्तरेश्वरनं ते भिवराच्या हातावर ठेवले. "घ्या गुरुजी," तो म्हणाला. भिवराला लाडू गोड लागला, पण दुसरा तिनं तसाच फडक्यात बांधून ठेवला.

त्यानंतरचं पत्र वेगळं होतं. सुरुवातीलाच मोहनरावांनी लिहिलं होतं, 'बाईंच्या आग्रहावरून पुढील मजकूर त्यांच्याच शब्दांत लिहीत आहे. भाषेस मी जबाबदार नाही.' भिवरा हसत हसत पुढं वाचायला लागली.

'पत्र लिहिणाऱ्यास विचारणे की, आमची धाकली सून तिकडं बोलती का न्हाई? चार महिनं माझ्या घरात होती, तोंडातून शबुद न्हाई निघाला. मुकी हाय म्हणावं तर मुकी न्हाई. माझा राग हाय का तिला? माझं काही चुकलं का?'

भिवरा वाचायची थांबली.

"वाच की," छबुबाई म्हणाली.

'उत्तऱ्याला इचारलं तर तो बरं हाय म्हणल, त्याला सगळंच बरं असतं. तुमी परके. तुमाला खोटं बोलायचं कारण न्हाई. तुमी तिला रोज बघता. खरं काय ते लिवा.'

कुणीतरी हसायला सुरुवात केली होती, ते मध्येच थांबलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. छबुबाईनं भिवराच्या पाठीवर हात ठेवला.

उत्तर लिहायला भिवरा दोन दिवस धजली नाही. उत्तरेश्वर म्हणाला, "लिव की, बोलती, चांगली हाय." पण सासूनं खरं विचारलं होतं. शेवटी तिनं एक आंतरदेशी घेतलं आणि आपणच आपल्याविषयी लिहायला बसली. लिहिताना तिला वाटत होतं, आपण खरंच कुणी म्हातारे गुरुजी आहोत आणि एका घाबरट पोरीची बाजू मांडतो आहोत.

'आपली सून इथे बोलते, हसतेही. तिला तुमचा राग नाही. तिला तुमची भीती वाटते. तुम्ही पहिल्या दिवशी तिच्या हातावर गूळ ठेवला होता, ते ती विसरलेली नाही. पण नंतर तुम्ही बोलला नाहीत, म्हणून तिला वाटले की या घरात न बोलणेच बरे. तुमचे काही चुकले नाही. तिचेच थोडे चुकले.'

याचं उत्तर लगेच आलं. वर लिहिलं होतं, 'हे फक्त लिहिणाऱ्यासाठी. मोठ्याने वाचू नये.' टोळी ऐकायला बसली होती. भिवरानं मनात दोन ओळी वाचल्या, पत्राची घडी केली आणि म्हणाली, "हे सगळ्यांसाठी न्हाई." कुणी खोदून विचारलं नाही. ती एकटीच उसाच्या कडेला जाऊन बसली.

'मी का म्हणून बोलले न्हाई ते तुमाला सांगते,' चंद्रभागाबाईंनी सांगितलं होतं. 'थोरलीशी मी लई बोलले. तोंडाला यील ते बोलले. ती गेली, संगं माझा धर्मराज गेला. मग धाकली आली तवा मनाशी म्हणलं, हिच्याशी कमी बोलावं, म्हंजी ही तरी टिकंल. ती भिऊन गप, मी भिऊन गप. तिला सांगू नका, तिला वाटंल सासू येडी हाय. आता एक मागणं. तुमच्या हाताला गुण हाय. माझ्या थोरल्या सुनंला एक कागद लिवून द्या. तिनं कागद लिवले म्हणून मी भांडले, पण मला लिवता आलं असतं तर मीबी माझ्या आईला हेच लिवलं असतं. मोहनरावाची सरकारी भाषा तिला कळंल, पण पटायची न्हाई. तुमी लिवा. तुमचं नातं न्हाई गोतं न्हाई, म्हणून तुमाला सांगवतं.'

भिवरानं ते पत्र पुन्हा एकदा वाचलं. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या खाली काहीतरी खुपत होतं. संध्याकाळी तिनं उत्तरेश्वरला म्हटलं, "मी आत्याबाईंना खरं सांगणार."

"आता महिन्यानं पट्टा पडंल, कारखाना बंद हुईल, घरी जायचंच हाय," तो म्हणाला. "इतकं दिवस लपवलं, अजून चार दिवस लपव. कशाला खाजवून खरूज काढायची?"

"त्या परकं समजून मनातलं सांगायल्यात. दाराआड उभं राहून ऐकल्यावानी वाटतंय मला."

उत्तरेश्वर म्हणाला, "लिव. पण माझंबी लिव, की मला ठाव होतं. एकटीवर नगं."

तिनं लिहिलं. गोल गोल न लिहिता सरळ लिहिलं. 'आत्याबाई, ही पत्रे लिहिणारे गुरुजी कुणी नाहीत. मी तुमची भिवरा. मला पाचवीपर्यंत येते. मामा खोटे बोलला आणि मी ते खोटे चालू ठेवले. यांनाही माहीत होते. तुम्ही लिहिणाऱ्याला सांगितलेले सगळे मी वाचले आहे. थोरल्या जाऊबाईंना पत्र लिहायचे की नाही ते तुम्ही सांगाल तसे करीन.'

उत्तर आलं नाही. इतरांची पत्रं आली. छबुबाईच्या कार्डाच्या शेवटी मोहनरावांनी दोन ओळी घातल्या होत्या: 'सौ. भिवराबाईंचे पत्र वाचण्यात आले. चंद्रभागाबाई हजर होत्या. पत्र संपल्यावर काही न बोलता उठून गेल्या.' भिवराला जेवण जाईना. पट्टा पडला, गाड्या परत निघाल्या, आणि गाव जसजसं जवळ येत चाललं तसतसे रस्त्याच्या कडेचे खडीचे ढीग वाढत गेले. त्यातला एखादा आत्याबाईंनी फोडला असेल, असं तिच्या मनात येई आणि ती दुसरीकडं बघे.

दारात चंद्रभागाबाईंनी दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. उन्हात काम करून त्या वाळून गेल्या होत्या, हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. भिवरा पाया पडली तर डोक्यावर हात ठेवला. पण बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. काही सांगायचं झालं तर उत्तरेश्वरला सांगायच्या, "तिला म्हणावं, रेशनची मिलो जवारी भिजत घाल." भिवरा हाताच्या अंतरावर बसलेली असायची.

आता मात्र भिवरानं ठरवलं होतं की आपण गप्प बसायचं नाही. ती बोलत राहायची. आत्याबाई, भाकरी वाढू का. आत्याबाई, बोटाला हळद लावून देऊ का. समोरून उत्तर यायचं नाही. तरी ती बोलायची, आणि आपलाच आवाज त्या घरात ऐकून तिला नवल वाटायचं.

भिवराही आता दुष्काळी कामाला जायला लागली होती. एकदा दोघी खडीवर शेजारी बसल्या असताना चंद्रभागाबाईंनी हातोडी खाली ठेवली. "मी परक्याला सांगितलतं," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच तिच्याकडं बघून. "घरच्याला सांगायचं असतं तर घरात सांगितलं नसतं का मी?"

भिवराच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती म्हणाली, "घरात तुमी बोलतच नव्हता, आत्याबाई."

"तू तरी कुठं बोलत होतीस!"

"न्हाई बोलले."

चंद्रभागाबाईंनी पुन्हा हातोडी उचलली. दगडावर मारलेला घाव जरा जोराचाच होता.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी पोस्टमन आला. टोळ्या परतल्यापासून गावात पत्रं फारशी येत नव्हती. त्यानं सायकल दारात लावली आणि हाक मारली, "सौ. भिवराबाई उत्तरेश्वर!"

भिवराच्या नावानं आजवर कधी पत्र आलं नव्हतं. तिनं हात पुसून कार्ड घेतलं. अक्षर मोहनरावांचं होतं. वर लिहिलं होतं, मुक्काम बोरखिंड. पत्ता होता तोही मुक्काम बोरखिंड. कार्ड गावातून निघून कड्याच्या पोस्टात जाऊन, शिक्का मारून घेऊन पुन्हा गावात आलं होतं.

चंद्रभागाबाई सुपात मिलो निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुणाचं हाय?"

"तुमचं हाय, आत्याबाई."

"माझं का? मग वाच मोठ्यानं. मोहनरावानं नीट लिवलंय का बघू. त्याचा भरवसा न्हाई."

भिवरा उंबऱ्यावर बसली आणि वाचायला लागली. 'चि. सौ. भिवरास आशीर्वाद. मला तुझा राग आलता. अजून थोडा हाय.'

"थोडा न्हाई म्हणले मी. बराच म्हणले," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "पुढं वाच."

'गुरुजी म्हणून मी कुणाला लाडू पाठवले ते आठवलं की मला लाज वाटती. ओट्यावरचे लोक हसले. मोहनरावाला तर लईच लागलं, तो दोन दिवस सोसायटी उघडाया आला न्हाई. मग तोच म्हणाला, बाई, अक्षर तर मोत्यासारखंच हाय, मास्तराचं असो का सुनंचं.'

"हे त्यानं त्याच्या मनचं घातलंय. मी सांगितलं न्हवतं."

'माझ्या पोटातलं सगळं तू वाचलंस. आता लपवाया काही राह्यलं न्हाई. तवा आता बोलाया काय हरकत हाय, असं मला वाटतंय. पण तू समोर आली की जीभ उचलत न्हाई, सवय मोडली. म्हणून कागद टाकला. ह्याचं उत्तर तोंडी दिलं तरी चालंल, कार्ड वाया घालवू नगंस.'

भिवराला पुढची ओळ दिसेना. तिनं पदरानं डोळे पुसले.

"संपलं का?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"एक ओळ राह्यलीय. 'बोटाला हळद लावून दे.'"

"ते मी शेवटाला सांगितलतं. मोहनराव म्हणला, हे पत्रात घालायचं नसतं. मी म्हणलं, घाल." त्यांनी सूप बाजूला सारलं आणि चिंध्या बांधलेले दोन्ही हात पुढं केले.

भिवरानं हळद कालवली. एकेक चिंधी सोडताना दोघी बोलत होत्या. आधी अडखळत, मग चंद्रभागाबाईंना असं बोलणं सुटलं की उत्तरेश्वर दारातून आत आला आणि पुन्हा बाहेर जाऊन बसला.

गीताबाईंना पत्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी लिहिलं. चंद्रभागाबाई सांगायच्या आणि भिवरा मध्येच थांबवायची. "आत्याबाई, 'तूबी काही कमी न्हवतीस' हे नगं घालायला."

"खरं हाय ते."

"खरं हाय, पण पहिल्याच कागदात नगं."

"बरं, खोड." शेवटी पत्रात उरलं ते एवढंच, की तुझी आठवण येते, माझं बोलणं लागलं असेल तर ते मनातून काढ, आणि हे पत्र तुझी धाकटी जाऊ लिहीत आहे, तिलाही भेटायचं आहे.

बरेच दिवस उत्तर नव्हतं. चंद्रभागाबाई पोस्टमनच्या सायकलीकडं बघायच्या आणि बघितलंच नाही असं दाखवायच्या. मग उन्हाळ्याच्या ऐन भरात कार्ड आलं. गीताबाईंनी गोड काही लिहिलं नव्हतं. आठवण येते असंही लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं की आमच्याकडं चारा संपला आहे, म्हैस गाभण आहे आणि ती विकायला यांचं मन होत नाही. कड्याच्या छावणीत तिला जागा मिळेल का, ते सासूबाईंनी कळवावं.

भिवराला वाचताना वाईट वाटलं. पण चंद्रभागाबाई उठून उभ्या राहिल्या, पायांत चपला घातल्या. "चल."

"कुठं?"

"कड्याला. म्हशीची जागा बघाया. ज्या घराशी तुटलंय, त्या घरी कुणी म्हैस पाठवतं का पोरी?"

छावणी तालुक्याच्या सहकारी संघाची होती. तिथला कारकून चांगला होता, पण हात वर करून म्हणाला, दुसऱ्या तालुक्याचं जनावर घेता येत नाही, कायदा आहे. चंद्रभागाबाई तिथंच कडब्याच्या पेंढीवर बसल्या.

"म्हैस दुसऱ्या तालुक्याची न्हाई. माझ्या थोरल्या लेकाची हाय. लेक ह्याच तालुक्याचा, नाव अजून माझ्या रेशनकार्डात हाय."

"लेक राहतो कुठं?"

"कामाला गेलाय तिकडं. येईल." त्यांनी मान वळवली. "भिवरा, लिव अर्ज."

भिवरानं कारकुनाकडूनच कागद मागून घेतला आणि चाऱ्याच्या काट्यापाशी उभ्यानं अर्ज लिहिला. कारकुनानं तो वाचला, पुन्हा वाचला, डोक्याला हात लावला. शेवटी म्हणाला, "तुमच्या गाईच्या शेजारी बांधा. पण चारा गाईपुरताच मिळंल, वरचं तुमी बघा."

"बघू की," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "माझी कपिली आधीच कमी खाती." हे साफ खोटं होतं.

परतताना त्यांनी कड्याच्या पोस्टातून एक कार्ड घेतलं आणि पोस्टाच्या पायरीवरच भिवराला लिहायला बसवलं. भिवरानं जाऊबाईंना नमस्कार लिहिला, खुशाली लिहिली आणि विचारलं, "आत्याबाई, अजून काय लिवू?"

"लिव, म्हैस घेऊन दोघंबी या," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "दावं तिकडून आणा म्हणावं, हितं दावं मिळत न्हाई."